विषय क्रमांक सात

विषयपत्रिकेत तो सातवा होता,
'आयत्या वेळचे विषय' याच्या अगदी वर :
गट नंबर एकशे बारा, ई-क्लास,
मुलींच्या वसतिगृहास ना-हरकत देणेबाबत.
सभा सुरू झाली साडेबाराला.
वहीत मी अकरा लिहिले.

नत्थूजी वरखडे उठले,
दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला :
'आमच्या ढोरायनं मंग कोठी चरावं? तुमच्या गच्चीवर?'
लोक हसले.
वहीत : चराईचा मुद्दा उपस्थित करण्यात आला.

मागून कोणी म्हणालं, ऐंशी पोरी बोअर उपसून टाकतीन.
कोणी म्हणालं, पोरी आल्या का पोट्टे येतेत,
पोट्टे आले का मोटरसायकली.
वहीत : पाणी. सुरक्षितता.
मोटरसायकलींसाठी मला शब्द सापडला नाही.

दिगांबर ठेंगरी बोलला नाही.
एकशे तेरामध्ये त्याच्या लेआउटचे चुन्याचे पट्टे
दोन उन्हाळ्यांत पुसट झालेत,
आणि पहाडावरच्या पोरींच्या होस्टेलला लागून
बंगला कोण बांधतं.
तो ज्याच्याकडे बघायचा, तो माणूस उठायचा.
बघण्याची नोंद इतिवृत्तात घेता येत नाही.

मग चंद्रभागाबाई झाडे.
टिनाच्या दोन खोल्या, एकीत सहा पोरी,
दर पोरीमागं नऊशे.
'मायाबी विरोध हाय,' ती म्हणाली,
'खोटं कायले बोलू, भाड्यावर मायं घर चालते.
अन् पोरी तिकडं गेल्या त मायी शुगर कोन पाहीन?'
पुन्हा हसले सगळे.
ती नाही हसली.

गणपूर्तीला शंभर लागतात.
गुलाब शिपायानं बोटानं हवेत टोचत डोकी मोजली :
अठ्ठ्याऐंशी.
दाराशी नर्सिंगच्या बारा जणी उभ्या,
पांढऱ्या गणवेशात, चपला हातात घेऊन.
'यायले मोजू का म्याडम?'

दुकानाच्या उधारीत त्या मोजल्या जातात,
टँकर आला की गुंडांच्या रांगेत,
ऑटोत तर एका सीटवर दोन.
मतदार यादीत नाहीत.
मीही नाही. माझं नाव अजून वाशीमला आहे,
आणि इथल्या प्रत्येक ठरावाखाली.

सभा तहकूब.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
हे कायद्यात आहे, आणि ठेंगरीला पाठ आहे.
पुढच्या बुधवारी तेवीस जण आले,
त्यातले नऊ एकाच जीपमधून.
ठराव असा :
वसतिगृहास गावाची हरकत नाही,
मात्र एकशे बाराऐवजी गट नंबर नव्वद.
नव्वद म्हणजे नाल्यापलीकडे,
बंद जिनिंगच्या मागे,
जिथला रस्ता चार महिने पाण्याखाली
आणि उरलेले आठ नकाशात.

सूचक : नत्थूजी वरखडे.
अनुमोदक?
पंखा फिरत राहिला.
चंद्रभागाबाई उठली, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला,
माझ्या कानाशी येऊन म्हणाली :
'तिथं काई उभं नाई राहत, बाई.
चार-पाच साल तरी नाई.'
तिच्या तोंडाला खोबरेल तेलाचा वास होता,
डोकं पोरींपैकीच कुणी चोळून दिलं असावं.

सर्वानुमते मंजूर.
मी खाली रेघ मारली, दोनदा,
म्हणजे मध्ये कोणाला काही घुसडता येऊ नये.

संध्याकाळी हापशीवर कोवेंची सुनयना भेटली.
'म्याडम, झालं का?'
'मंजूर झालं.'
तिनं हंडा खाली ठेवला. 'कुठं?'

शुगरच्या मशीनमध्ये पट्टी घातल्यावर
आकडा येईपर्यंतचे पाच सेकंद
ती जशी बघते,
तशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.